मूल वाचतं, पण त्याला कळतं का? दुसरी ते चौथीच्या मुलांसाठी

धडा घडाघडा वाचणारं मूल "काय वाचलंस?" म्हटलं की गप्प होतं. पुष्कळदा त्याचं सगळं लक्ष जोडाक्षरं सोडवण्यातच गेलेलं असतं. ओळ संपेपर्यंत तिची सुरुवात डोक्यातून निसटते. म्हणून आधी उतारा सोपा निवडा. एका पानावर पाचाहून जास्त शब्दांना मूल अडलं, तर तो सध्या बाजूला ठेवा. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठी गोष्टी पातळीनुसार लावलेल्या आहेत.

नाहीतर चार ओळी स्वतःच लिहा. नवी मुंबईतल्या मुलांसाठी ही घ्या:

"खाडीला ओहोटी लागली. चिखल उघडा पडला. रोहित पक्ष्यांचा थवा उतरला आणि माना खाली घालून खाऊ लागला. भरतीचं पाणी चढलं तसा थवा उडाला आणि नेरुळच्या तळ्यावर जाऊन बसला."

वाचण्याआधी रोहित पक्षी म्हणजे फ्लेमिंगो हे सांगा आणि 'ओहोटी' आणि 'भरती' यांवर बोला. वाशी-मानखुर्द लोकलमधून खाडीपुलावर मुलाला खिडकीशी बसवा. कधी चिखल दिसेल, कधी काठोकाठ पाणी. ओहोटीनंतर साधारण सहा तासांनी भरती येते, हेही सांगा. पाहिलेली गोष्ट वाचताना लगेच कळते.

मग उतारा आधी तुम्ही वाचा, नंतर मुलाला वाचू द्या. पुस्तक मिटून त्याच्या शब्दांत सांगायला लावा. हिंदी किंवा इंग्रजी मिसळलं तरी अडवू नका, इथे भाषेची परीक्षा नाही.

आता प्रश्न. "थवा कुठे उतरला?" याचं उत्तर उताऱ्यात आयतं आहे; असा एखादा प्रश्न पुरे. खरा प्रश्न "थवा का उडाला?" हा. याचं कारण उताऱ्यात थेट दिलेलं नाही. पाणी चढलं, चिखल बुडाला, खाणं मिळेना, हे मुलाला स्वतःच जोडावं लागतं. आपण शाळेत आणि घरी पहिल्या प्रकारचे प्रश्न फार विचारतो. त्यांची उत्तरं न समजताही देता येतात.

मूल म्हणेल, "पाऊस आला म्हणून." चूक आहे असं म्हणू नका, उत्तरही सांगून टाकू नका. "कशावरून म्हणतोस? त्या ओळीवर बोट ठेव बघू," एवढंच म्हणा. ते पुन्हा वाचायला लागतं, पावसाची ओळ सापडत नाही आणि बोट 'भरतीचं पाणी' या शब्दांवर थांबतं. उत्तर बरोबर आलं तरीही "कशावरून?" विचारा, म्हणजे तो प्रश्न रागावल्यासारखा वाटत नाही. या सगळ्याला रोज पंधरा मिनिटं पुरतात.

वर्गात चाळीस मुलं असतील तर जोड्या करा. एकाने उत्तर द्यायचं, दुसऱ्याने "कशावरून?" विचारायचं आणि ओळ दाखवून घ्यायची. पुढच्या उताऱ्याला अदलाबदल.