दुपारची झोप, पण गजर लावून

गोव्यात बऱ्याच शाळा दीडच्या सुमारास सुटतात. पोरगा घरी येतो, हुमण-भातावर ताव मारतो आणि आडवा होतो तो थेट पाचला उठतो. मग रात्री बारापर्यंत टक्क जागा आणि सकाळी सहाला त्याला उठवताना रोजचं महाभारत. आमच्या म्हापशाच्या घरात दोन वर्षं हेच चाललं होतं. मी त्याला आळशी म्हणत राहिले, चूक माझीच. वयात येताना शरीरात मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वेळ झाल्याचं सांगणारं संप्रेरक, रात्री उशिरा स्रवू लागतं, म्हणून झोपच उशिरा येते. गरज मात्र 8 ते 10 तासांची असते.

दुपारची झोप बंद करू नका, गोंयकाराला ते जमायचंही नाही. फक्त 20-30 मिनिटांचा गजर लावा, तोही तीनच्या आत. गजराचा फोन फ्रिजवर ठेवा, म्हणजे बंद करायला उठावंच लागतं. मग तोंडावर पाणी, कोकम सरबत आणि मैदानात पिटाळा. चहा नको.

रात्री सगळ्यांचे फोन हॉलमध्ये चार्जिंगला. (पोरापेक्षा नवऱ्यानेच जास्त कुरकुर केली.) रविवारी तासभर उशिरा उठला तर चालेल, अकरापर्यंत लोळणं नको.