खडकावरचे शंख मोजायला निघण्याआधी

मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर नेरिटाचे, म्हणजे खडकाला चिकटून राहणाऱ्या समुद्री गोगलगायीचे, शंख कसे विखुरलेत, हे मोजायचं असेल तर तयारी तिथीपासून सुरू होते. कोळ्यांचा हिशेब पाठ असू द्या: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. तृतीयेला भरती सव्वादोनला, म्हणजे ओहोटी सकाळी साडेआठच्या सुमारास. पाणी बरंच खाली आणि उजेडही भरपूर. तरी भरतीचं वेळापत्रक पाहून खात्री करा, आणि ओहोटीच्या तासभर आधी खडकावर हजर राहा.

खडकावर ठेवून आतले शंख मोजायची चौकट पीव्हीसी पाइपची करा, ५० सेंटीमीटर बाजूची, आणि पाइपला भोकं पाडा, नाहीतर पाण्यात ती तरंगते. २५ सेंटीमीटरची दुसरीही हवीच. एकाच खडकावरचे शंख लहान चौकटीत एका तऱ्हेने पसरलेले दिसतात, मोठीत दुसऱ्याच; म्हणून कुठली चौकट वापरली ते प्रत्येक पानावर लिहा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. चौकट कुठे ठेवायची ते घरीच ठरवून निघा. खडकावर ३० मीटरची टेप अंथरायची आणि तिच्यावर चौकट कुठे ठेवायची ते सांगणाऱ्या यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या काढल्यासारख्या, आकड्यांची यादी खिशात ठेवायची. डोळे आपसूक शंखांनी भरलेल्या कपारीकडे जातात, आणि चौकट भिरकावली तरी हात तिकडेच वळतो. यादीतली जागा अगदी ओकीबोकी निघाली तरी तिथेच बसा आणि शून्य लिहा. समजा दहा चौकटींत ०, ०, ०, १४, १, ०, २२, ३, ०, ० असे आकडे आले. सरासरी ४, व्हेरियन्स (आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप) जवळपास ५९, व्हेरियन्सला सरासरीने भागून येणारा भागाकार १४.७. हा भागाकार १ च्या आसपास असता तर शंख कसेही विखुरलेले, १ पेक्षा बराच कमी असता तर अंतर राखून बसलेले. इथे ते उघडच घोळक्याने आहेत. ती सहा शून्यं गाळली तर सरासरी १० होते, भागाकार ९.७ वर येतो आणि निम्म्याहून जास्त खडक रिकामा होता हे वहीतून पुसलंच जातं.

शेजारच्या शंखापर्यंतचं अंतर मोजायची क्लार्क आणि इव्हान्स यांची १९५४ ची पद्धत वापरणार असाल तर मिलिमीटरची पट्टी घ्या.

पेन्सिल, जाड कागदाची वही, न घसरणारे बूट आणि हातमोजे घ्या. कालवांच्या कडा हात कापतात. सोबत एक जण हवाच, आकडे लिहायला आणि पाण्याकडे लक्ष ठेवायला. उलटवलेला दगड होता तसाच परत ठेवा, त्याच्या खालची बाजू कोणाचं तरी घर असते.