शाळेनंतरचे विज्ञान मंडळ चालवताना या चुका टाळा

शाळा सुटल्यावर भरणाऱ्या विज्ञान मंडळात स्वयंसेवकाची पहिली चूक बहुधा उत्साहापोटी होते: साहित्य तोच मांडतो, प्रयोग तोच करतो, निष्कर्षही तोच सांगतो आणि मुले टाळ्या वाजवतात. खाण्याचा सोडा दुप्पट घेतला आणि व्हिनेगर तेवढेच ठेवले तर फेसही दुप्पट होईल का, हे मुलांनी स्वतः करून पाहिले नाही, तर तो जादूचा खेळच राहतो.

त्याहून वाईट म्हणजे चुकीचे स्पष्टीकरण ठामपणे देणे. ताटलीतील पाण्यात मेणबत्ती पेटवून तिच्यावर पेला पालथा घातला की ज्योत विझते आणि पाणी पेल्यात चढते. ‘जळून गेलेल्या ऑक्सिजनची जागा पाण्याने घेतली’ हे उत्तर वर्षानुवर्षे सांगितले जाते, पण ज्योत विझते तेव्हाही आत बराच ऑक्सिजन शिल्लक असतो. ज्योतीने तापून फुगलेली हवा काठाखालून निसटते आणि उरलेली हवा नंतर थंड होऊन आकसते, हे पाणी चढण्याचे मुख्य कारण आहे. उत्तर सांगण्याआधी त्याच पेल्याखाली तीन मेणबत्त्या लावायला द्याव्यात. ऑक्सिजन वाढलेला नसताना पाणी अधिक चढते आणि काठाशी आलेले बुडबुडे एखादे मूल हमखास टिपते.

लंबकाच्या प्रयोगात ‘जड गोळा हळू झुलतो’ असे उत्तर आले, तर मुलांना चूक ठरवण्याआधी मोजणी तपासावी. एकच झोका मोजला की घड्याळ दाबण्यातली चूक मोठी ठरते, म्हणून दहा झोके (जाऊन परत येणे म्हणजे एक झोका) मोजावेत. हा वेळ वजनावर नव्हे, तर लंबकाच्या लांबीवर ठरतो: 1 मीटर लांबीला दहा झोक्यांना सुमारे 20 सेकंद लागतात, 25 सेंटिमीटरला सुमारे 10. दुसरी गोम अशी की मोठा गोळा बांधताना त्याचा मध्य खाली जातो आणि लांबी नकळत वाढते. लांबी दोरीच्या गाठीपर्यंत नव्हे, तर गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजावी.

एलईडी पेटत नसेल तर आपण हात घालू नये. लांब पाय सेलच्या धन टोकाकडे आहे का, जोडणी सैल आहे का, हे मुलांनीच क्रमाने पाहावे. लाल एलईडी दोन पेन्सिल सेलवर 100 ओहमचा रोधक (वीजप्रवाह मर्यादित ठेवणारा भाग) लावून नीट पेटतो. निळ्या किंवा पांढऱ्या एलईडीला साधारण 3 व्होल्ट लागत असल्याने सेल थोडे उतरले तरी तो रुसतो. बटण सेल मात्र मुलांच्या हाती देऊच नयेत, कारण गिळला गेल्यास तो अन्ननलिका भाजून काढतो.