हेडफोन अ‍ॅम्प बदलण्याआधी या चुका टाळा

पोर्टेबल हेडफोन अ‍ॅम्प बदलावा असे मनात येऊ लागते तेव्हा तक्रार बहुतेक वेळा मोघम असते. आवाजात दम वाटत नाही, बास पोकळ लागतो, वाद्ये एकमेकांत मिसळतात, असे काहीतरी. आणि नेमके काय कमी पडते आहे हे न शोधताच आपण नव्या अ‍ॅम्पची माहिती वाचायला बसतो. खरे तर अ‍ॅम्पची कामे मोजकीच आहेत. मोबाईल, प्लेअर किंवा डॅककडून (डिजिटल फाइलचा विद्युत सिग्नल करणाऱ्या उपकरणाकडून) आलेला सिग्नल हेडफोनला लागेल तेवढ्या व्होल्टेजपर्यंत वाढवायचा, त्या व्होल्टेजला लागणारा करंट पुरवायचा आणि हे करताना स्वतःची खरखर किंवा विकृती त्यात मिसळू द्यायची नाही. तक्रार यांपैकी कुठल्याच कामात बसत नसेल, तर अ‍ॅम्प बदलून ती जाणार नाही. (हेडफोन ब्लूटूथवर ऐकत असाल तर हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण तेव्हा कामाचा अ‍ॅम्प हेडफोनच्या आत असतो.)

बिघाडाला म्हातारपण समजणे

माझ्या जुन्या अ‍ॅम्पवर डाव्या कानातला आवाज मंद होत गेला तेव्हा त्याचे दिवस भरले असे मी दोन आठवडे धरून चाललो होतो. शेवटी हेडफोनच्या दोन्ही बाजूंच्या सुट्या होणाऱ्या केबलींची अदलाबदल केली, तेव्हा मंदपणा उजव्या कानात गेला. म्हणजे हेडफोन निर्दोष होता. प्लेअरपासून अ‍ॅम्पपर्यंतची छोटी वायर बदलूनही फरक पडला नाही. मग टॉर्च लावून अ‍ॅम्पच्या इनपुट जॅकमध्ये डोकावलो, तर तळाशी खिशातल्या कापडाच्या तंतूंचा दाबून बसलेला पुंजका दिसला. त्याच्यामुळे पिन पूर्ण आत जात नव्हती, आणि ३.५ मिलिमीटरच्या पिनचे टोक डाव्या चॅनेलचे असल्यामुळे पहिला फटका डाव्या कानाला बसला होता. अ‍ॅम्प बंद करून लाकडी टूथपिकने तो पुंजका उकरून काढला आणि पिन ‘टक्’ करून जागेवर बसली. या कामाला धातूची सुई मात्र वापरू नये. आतल्या पत्र्या नाजूक असतात.

नॉब फिरवताना होणाऱ्या खरखरीचेही असेच आहे. व्हॉल्यूमच्या पोटेन्शिओमीटरवर धूळ किंवा ऑक्साइडचा थर साचल्यामुळे ती होते, आणि अ‍ॅम्प बंद ठेवून नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवल्याने बरेचदा ती जाते. तेवढ्याने न गेल्यास इलेक्ट्रॉनिक कामासाठी मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर वापरावा. अगदी कमी आवाजावर एका कानात जास्त ऐकू येणे हा तर बिघाडही नव्हे. पोटेन्शिओमीटरचे दोन पट्टे सुरुवातीच्या भागात एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. अ‍ॅम्पवरचा गेन (सिग्नल किती पट वाढवायचा ते ठरवणारे बटण) कमी करून नॉब थोडा वर आणला की दोन्ही बाजू समतोल होतात.

मोठ्या आवाजात ढोल किंवा बास आला की आवाज फाटतो, आणि तेही चार्जिंग संपत आल्यावरच, अशी तक्रार असेल तर संशय बॅटरीवर घ्यावा. चू मॉय यांच्या आराखड्यावर बनवलेले, एका ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे छोटे अ‍ॅम्प याचे सोपे उदाहरण आहेत. त्यांत सिग्नलला वर ४.५ आणि खाली ४.५ व्होल्टच जागा मिळते, सिग्नल वाढवणारी चिप (आयसी) सहसा त्या टोकांपर्यंतही पोहोचत नाही, आणि बॅटरी ७ व्होल्टवर उतरली की ही जागा आणखी आकसते. लिथियम बॅटरीच्या अ‍ॅम्पमध्ये रचना वेगळी असते, पण काही शे चार्जिंगनंतर तिची क्षमता घटते हे तिथेही टळत नाही. सुटी बॅटरी मिळत असेल तर तीच बदलावी. बॅटरी फुगून खोका उचलला गेला असेल, तर मात्र अ‍ॅम्प ताबडतोब वापरातून काढावा आणि चार्जिंगलाही लावू नये.

बास कमी झाला आहे असे वाटत असेल तर अ‍ॅम्पआधी इअरपॅड आणि इअरफोनच्या रबरी टिप तपासाव्यात. कानाशी फट राहिली की बास बाहेर निसटतो, आणि जगातला कुठलाही अ‍ॅम्प ती फट बुजवू शकत नाही.

ताकद मोजण्याऐवजी अंदाजाने ठरवणे

सर्वाधिक पैसा याच चुकीत वाया जातो. नॉब अर्ध्याच्या पुढे गेला म्हणजे अ‍ॅम्प दमला आणि तो सुरुवातीलाच राहिला म्हणजे भरपूर ताकद शिल्लक आहे, ही समजूत सर्रास आढळते. नॉबची स्थिती फक्त गेन आणि इनपुटची पातळी सांगते. जास्त गेनचा कमकुवत अ‍ॅम्प थोड्याशा फिरवण्यात गर्जेल आणि नंतर आवाज फाडेल. कमी गेनचा सशक्त अ‍ॅम्प नॉब शेवटाकडे नेला तरी स्वच्छ राहील.

गरज काढण्यासाठी हेडफोनचे दोन आकडे लागतात, इम्पिडन्स (सिग्नलला होणारा विद्युत विरोध, ओहममध्ये) आणि सेन्सिटिव्हिटी (ठरावीक सिग्नलवर तो किती मोठा वाजतो, डेसिबलमध्ये). पण सेन्सिटिव्हिटी काही कंपन्या १ मिलिवॅटला देतात, तर काही १ व्होल्टला, आणि इथेच गोंधळ होतो. समजा दोन हेडफोनांवर ‘९७ डेसिबल प्रति मिलिवॅट’ असेच छापले आहे, एक ३२ ओहमचा आहे आणि दुसरा ३०० ओहमचा. १ व्होल्ट दिल्यावर पहिला सुमारे ११२ डेसिबल वाजेल आणि दुसरा सुमारे १०२. छापील आकडा एकच असूनही दुसऱ्याला तेवढ्याच आवाजासाठी तिप्पट व्होल्टेज लागते.

सिम्फनीसारख्या संगीतातल्या क्षणिक उंच्या सरासरीपेक्षा २० डेसिबल किंवा त्याहूनही वर जातात, म्हणून ११० डेसिबलचे शिखर गाठता आले पाहिजे असा मापदंड मी धरतो. वरच्या ३०० ओहमच्या हेडफोनला त्यासाठी सुमारे २.५ व्होल्ट लागतील, म्हणजे केवळ २१ मिलिवॅट. मोबाईलला हेडफोन जोडण्याच्या छोट्या डोंगलला, तो जेमतेम १ व्होल्ट देत असेल तर, हे झेपणार नाही. बऱ्याचशा साध्या पोर्टेबल अ‍ॅम्पना झेपेल. याउलट हायफायमॅनचा एचई-६ हा प्लेनर (सपाट पडद्याचा) हेडफोन इम्पिडन्सने केवळ ५० ओहमचा असला, तरी त्याची सेन्सिटिव्हिटी ८३.५ डेसिबल प्रति मिलिवॅट आहे. त्याच शिखरासाठी त्याला सुमारे ४५० मिलिवॅट, म्हणजे ४.७ व्होल्ट आणि जवळजवळ ९५ मिलिअँपिअर लागतात. ओहम कमी म्हणजे चालवायला सोपा, हा समज अशा हेडफोनपाशी कोसळतो.

गणिताचा कंटाळा असेल तर मल्टिमीटर पुरतो. ऑडॅसिटीसारख्या कुठल्याही मोफत ऑडिओ सॉफ्टवेअरमध्ये ५० हर्ट्झचा, शून्य डेसिबल पातळीचा (म्हणजे डिजिटल फाइलमधल्या कमाल पातळीचा) साइन टोन तयार करावा. एवढ्या कमी वारंवारितेवर साधे मल्टिमीटरही बरोबर वाचतात. मग आपल्या संग्रहातले सर्वांत हळू ध्वनिमुद्रित झालेले गाणे लावून, आपण जास्तीत जास्त ज्या आवाजात ऐकतो तिथे नॉब ठेवावा. नॉब न हलवता, हेडफोन कानावरून काढून ठेवून मगच टोन लावावा, कारण तो गाण्यापेक्षा खूपच मोठा वाजेल. स्प्लिटरच्या दुसऱ्या तोंडात एक सुटी वायर लावून तिच्या पिनचे टोक आणि बूड यांमधला एसी व्होल्टेज वाचावा, दोन प्रोबांचा एकमेकांना स्पर्श होऊ न देता. जो आकडा येईल त्याहून जास्त व्होल्टेज त्या नॉबवर तुमच्या अ‍ॅम्पकडून कधीच मागितले जाणार नाही. माझ्या ३०० ओहमच्या हेडफोनवर तो ०.९ व्होल्ट आला, आणि ज्या अ‍ॅम्पला मी अशक्त म्हणत होतो तो २ व्होल्ट देऊ शकत होता. म्हणजे जवळपास ७ डेसिबल जागा रिकामीच होती.

तुमचा आकडा अ‍ॅम्पच्या मर्यादेला टेकला असेल, तर अ‍ॅम्प खरोखर कमी पडतो आहे आणि बदल योग्य आहे. मात्र तेव्हाही लक्षात ठेवावे की ताकद दुप्पट केली तर ३ डेसिबलच मिळतात आणि आवाज कानाला साधारण दुप्पट वाटण्यासाठी ताकद दहापट लागते, त्यामुळे १०० मिलिवॅटवरून १५० वर जाणे जवळजवळ निरर्थक आहे. आणि रोजचाच आवाज एकाएकी अपुरा वाटू लागला असेल, तर आधी स्वतःच्या कानांचा विचार करावा; जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी ८० डेसिबलची पातळी आठवड्याला ४० तासांपर्यंतच सुरक्षित धरते.

पातळी न जुळवता तुलना करणे

मित्राचा अ‍ॅम्प दोन दिवस आणून ऐकणे ही चांगली कल्पना आहे, पण दोन्ही अ‍ॅम्पचा आवाज कानाने ‘साधारण सारखा’ करणे पुरेसे नसते. एक डेसिबलचा फरक आपल्याला मोठेपणा म्हणून जाणवतच नाही. तो जास्त मोकळा, जास्त भरीव आवाज म्हणून जाणवतो. त्यात भर म्हणजे आवाज कमी असताना कान बासला कमी दाद देतो, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवले होते. त्यामुळे किंचित मोठा वाजणारा अ‍ॅम्प बासमध्येही सरस भासतो. वरचाच ५० हर्ट्झचा टोन लावून, हेडफोन जोडलेला असताना, दोन्ही अ‍ॅम्पचे व्होल्टेज एक टक्क्याच्या आत जुळवावे. इतके केल्यावर शक्य झाल्यास दुसऱ्या कोणाला वायरी बदलायला सांगून, न पाहता ऐकावे. या परीक्षेत अनेक ‘आकाशपाताळाचे’ फरक विरघळतात, आणि जे उरतात त्यांच्यावर मात्र पूर्ण विश्वास ठेवता येतो.

खरखरीचा उगम न शोधणे

संगीत थांबवून, स्त्रोताची वायर काढून ऐकावे. सूं असा आवाज तसाच राहिला आणि नॉब फिरवल्याने तो बदलला नाही, तर तो अ‍ॅम्पच्या आउटपुट भागाचा आहे. संवेदनशील इअरफोनसाठी कमी नॉइजचा अ‍ॅम्प घेणे तेव्हा रास्त ठरते. वायर काढताच तो नाहीसा झाला, तर उगम प्लेअरमध्ये आहे आणि नवा अ‍ॅम्प तोच आवाज इमानेइतबारे मोठा करून ऐकवील. असे बहुधा मोबाईलचा व्हॉल्यूम अगदी खाली आणि अ‍ॅम्पचा गेन अगदी वर ठेवल्यामुळे होते. स्त्रोताला लाइन आउट (व्हॉल्यूमवर न बदलणारे, ठरावीक पातळीचे आउटपुट) असल्यास ते वापरावे, नसल्यास मोबाईलचा व्हॉल्यूम जवळजवळ पूर्ण ठेवून अ‍ॅम्पचा गेन उतरवावा.

तुटक-तुटक ‘टर्र-टर्र’ असा आवाज अधूनमधून येत असेल तर मोबाईल फ्लाइट मोडवर टाकून पाहावा. जीएसएम (२जी) नेटवर्कवरच्या फोनचे प्रक्षेपण सेकंदाला सुमारे २१७ वेळा चालू-बंद होते आणि तोच ठेका अ‍ॅम्पच्या वायरीत शिरतो. फोन आणि अ‍ॅम्प रबरबँडने पाठीला पाठ बांधून ठेवणाऱ्यांना हा विशेष त्रास होतो. घूं असा आवाज चार्जर लावल्यावरच येत असेल, तर चार्जर बदलावा किंवा चार्ज करताना ऐकू नये.

बॅलन्स्ड आउटपुटला जादू समजणे

४.४ किंवा २.५ मिलिमीटरच्या बॅलन्स्ड जॅकवर (ज्यात डाव्या-उजव्या बाजूंची धन-ऋण आउटपुटे वेगवेगळी असतात) आवाज मोठा येतो, कारण तिथे व्होल्टेज सहसा दुप्पट, म्हणजे ६ डेसिबल जास्त असते. तेवढी गरज असेल तर तो उपयोगाचा, नसेल तर नाही. बॅलन्स्ड जॅकमध्ये अडॅप्टर लावून साधी ३.५ मिलिमीटरची तीन संपर्कांची पिन जोडणे मात्र कटाक्षाने टाळावे. त्यात डाव्या आणि उजव्या बाजूंची ऋण आउटपुटे एकमेकांना चिकटतात आणि अ‍ॅम्प जळू शकतो.

आउटपुट इम्पिडन्सकडे दुर्लक्ष करणे

मिलिवॅटचा आकडा सगळे वाचतात, आउटपुट इम्पिडन्सचा, म्हणजे अ‍ॅम्पच्या स्वतःच्या आउटपुटमधल्या विरोधाचा, आकडा फारच थोडे. अनेक बॅलन्स्ड आर्मेचर ड्रायव्हर (आवाज काढणारे अगदी छोटे घटक) असलेल्या इअरफोनचे इम्पिडन्स सगळ्या सुरांवर सारखे नसते. समजा एका जागी ते ८ ओहम आहे आणि दुसऱ्या जागी ४० ओहम. अ‍ॅम्पचे स्वतःचे आउटपुट इम्पिडन्स १० ओहम असेल, तर पहिल्या जागी आवाज सुमारे ७ डेसिबल उतरतो आणि दुसऱ्या जागी फक्त २, म्हणजे इअरफोनचा मूळ तोलच ५ डेसिबलने बिघडतो. हेच आउटपुट इम्पिडन्स १ ओहम असेल तर फरक एका डेसिबलच्याही आत राहतो. हेडफोनच्या इम्पिडन्सच्या एक अष्टमांशापेक्षा अ‍ॅम्पचे कमी असावे, हा ढोबळ नियम यातूनच आला. मात्र अशा इअरफोनच्या बाबतीत खोक्यावरचा आकडा न धरता सर्वांत कमी आकडा धरावा लागतो. प्लेनर हेडफोनचे इम्पिडन्स जवळजवळ सपाट असल्यामुळे त्यांना याचा उपद्रव होत नाही.

मी अखेर अ‍ॅम्प बदलला तो याच कारणासाठी. जुन्यावर माझा हेडफोन उत्तम वाजत होता, पण नंतर घेतलेल्या बहुड्रायव्हर इअरफोनवर गायकाचा आवाज मागे सरकल्यासारखा वाटे, आणि तोच इअरफोन साध्या डोंगलवर ठीक वाजे. जुन्याचे आउटपुट इम्पिडन्स १० ओहम होते. नव्याचे अर्ध्या ओहमपेक्षाही कमी आहे, आणि त्याची ताकद जुन्याच्या निम्मीसुद्धा नाही.