फोटोग्राफीच्या संग्रहालयात मूळ प्रिंट पाहायचे कसे

निघण्याआधी वेळ आणि सुट्टीचा वार तर बघाच, पण सध्या काय मांडलंय हे त्याहून महत्त्वाचं. कागदावरचे बहुतेक जुने फोटो उजेडाने कायमचे फिके पडतात, म्हणून ते काही महिनेच भिंतीवर असतात आणि पुन्हा अंधाऱ्या पेट्यांत जातात. मांडणी बदलताना अख्खी दालनं बंद असतात. एखादा ठरावीक फोटोच पाहायचा असेल तर ऑनलाइन संग्रहातून त्याचा नोंद क्रमांक उतरवून घ्या आणि अभ्यासिका आहे का ते विचारा. बऱ्याच ठिकाणी आधी वेळ ठरवली की मूळ प्रत टेबलावर आणून दाखवतात. तिथे पेन चालत नाही, पेन्सिल न्यायची.

जुन्या प्रिंटच्या दालनात उजेड सुमारे 50 लक्स (उजेड मोजायचं एकक) म्हणजे बराच मंद ठेवतात. उन्हातून थेट आत गेलात तर सगळंच काळपट दिसेल आणि फोटोच खराब झाले आहेत असं वाटेल. पाच-दहा मिनिटं डोळ्यांना द्या. मोबाइलचा पडदा मध्येमध्ये पाहिलात तर ही तयारी वाया जाते. स्क्रीन आणि प्रोजेक्टरची दालनं म्हणूनच शेवटी ठेवा. दोन तासांत तीस-चाळीस फोटो नीट पाहून झाले तरी भरपूर.

पाटी वाचताना तारखा तपासा. दोन वर्षं दिली असतील तर पहिलं फोटो टिपल्याचं आणि दुसरं तो प्रिंट काढल्याचं. मधलं अंतर मोठं असेल तर कागद, कॉन्ट्रास्ट, कधीकधी आकारही बदललेला असतो. टिपल्यानंतर लवकरच काढलेल्या प्रिंटला ‘विंटेज’ म्हणतात. त्याच्यापाशी जास्त थांबा.

सगळ्यात जास्त लोक चुकतात ते डगेरोटाइपपाशी. 1839 साली जाहीर झालेली ही पद्धत. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर चित्र उमटतं. पत्रा आरशासारखा असल्याने समोर उभं राहिलं की आपलाच चेहरा दिसतो आणि माणूस पुढे सरकतो. तसं करू नका. आरशात काहीतरी काळं पडलं की चित्र सुलट दिसतं, उजळ भिंत पडली की तेच निगेटिव्हसारखं उलटं होतं. म्हणून त्या दिवशी गडद, बिनचमकीचा शर्ट घाला आणि मान हळूहळू डावी-उजवीकडे, मग गुडघे किंचित वाकवून वर-खाली करून बघा. एका ठरावीक कोनात तपशील झपकन उमटतात; शर्टाची बटणं, केसांच्या बटाही सुट्या दिसतात. शेजारी डबीत ॲम्ब्रोटाइप असेल तर ती काच असते, मागे काळा थर. कोन बदलला तरी ती उलटी होत नाही. ओळखायची खूण हीच.

कागदी प्रिंट समोरून पाहून झाल्यावर बाजूने तिरपे पाहा. अल्ब्युमेन प्रिंट अंड्याच्या पांढऱ्या बलकाच्या थरावर उमटतो. त्याचा कागद पातळ म्हणून पुठ्ठ्यावर चिकटवलेला असतो, आणि उजळ भाग पिवळट झालेले असतात. भिंगातून कागदाचे तंतू दिसतात. जिलेटिन सिल्व्हर प्रिंटमध्ये (यात चित्र जिलेटिनच्या थरातल्या चांदीचं असतं) सहसा ते दिसत नाहीत, कारण मध्ये बॅरायटा नावाच्या पांढऱ्या भुकटीचा थर असतो. त्याच्या कडेच्या काळ्या भागांवर निळसर रुपेरी झाक दिसली तर काच मळलेली समजू नका. चांदी पृष्ठभागावर आल्याची ती खूण. सायनोटाइपची, म्हणजे निळ्या रंगात उमटलेल्या प्रिंटची, निळाई मात्र उजेडाने उतरली तरी अंधारात बरीचशी परत येते, म्हणजे उजेडाने कायमचं फिकं पडण्याच्या नियमाला अपवाद. भिंग काढण्याआधी पहारेकऱ्याला विचारा, आणि ते काचेला टेकवू नका.

फोटो काढायची मुभा असली तरी फ्लॅश बंद हवाच. कॅमेऱ्याचा फोकस साधणारा छोटा दिवाही सेटिंगमधून बंद करा. तो बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. काचेतलं प्रतिबिंब टाळायला किंचित बाजूला उभे राहा. हयात छायाचित्रकारांच्या कामाला कॉपीराइटमुळे वेगळी मनाई असू शकते.

कॅमेरा ऑब्स्क्युरा, म्हणजे बारीक छिद्रातून किंवा भिंगातून बाहेरचं दृश्य आत पाडणारी अंधारी खोली, असेल तर दार लागल्यावर लगेच बाहेर पडू नका. सुरुवातीला पडदा कोराच वाटतो. पाचेक मिनिटांत त्यावर बाहेरचा रस्ता, भिंग-आरशाची जोड नसेल तर डोकं खाली पाय वर, रंगांसकट चालताना दिसू लागतो.