लाडकी कोंबडी दगावल्यावर या चुका टाळा

वाईट वाटतं म्हणून घाईघाईने पुरून टाकणं ही सगळ्यांत जास्त होणारी चूक. कारण कळलंच नाही, तर "माझंच काहीतरी चुकलं" हा सल जात नाही आणि उरलेल्या कोंबड्यांना धोका आहे का, हेही कळत नाही. पशुवैद्याला फोन करून शवविच्छेदनाचं विचारा. हातमोजे घालून कोंबडी दोन पिशव्यांत बंद करा, बर्फाच्या पेटीत ठेवा आणि शक्यतो २४ तासांच्या आत पोचवा. पिसांमुळे ऊब आतच कोंडते, त्यामुळे ती लवकर सडते. फ्रीझरमध्ये मात्र नको, गोठल्यावर पेशी फुटतात आणि तपासणीत नीट काही दिसत नाही.

एकापाठोपाठ दोन-तीन मेल्या, तुरा निळा पडला किंवा माना वाकड्या झाल्या, तर बर्ड फ्लू किंवा मानमोडीची (राणीखेत रोगाची) शंका घ्या. अशा वेळी हात लावू नका, पशुसंवर्धन खात्याला कळवा. मेलेली कोंबडी घरी कापून बघू नका.

स्वतःला दोष देण्याआधी एक ध्यानात घ्या: कोंबडी आजार लपवते. दुबळी दिसली की कळपातल्याच बाकीच्या तिला टोचतात. ती मलूल दिसेपर्यंत आजार बरेचदा हाताबाहेर गेलेला असतो. भरपूर अंडी देणाऱ्या जातींत दोन-तीन वर्षांनंतर अंडाशयाचा कर्करोग आणि पोटात अंड्याचा बलक साचून होणारा दाह सर्रास आढळतो. तुम्ही कितीही जपलं असतं तरी हे टळलंच असतं असं नाही.

पुरताना खड्डा किमान २-३ फूट खोल हवा, विहिरीपासून लांब. वर जड दगड ठेवा, नाहीतर कुत्री उकरतात.

मागे एकच कोंबडी उरली असेल तर ती ओरडत फिरते, खाणं कमी करते. पण म्हणून दुसऱ्याच दिवशी एक नवी आणून सोडू नका, जुनी तिला रक्त येईपर्यंत टोचेल. साधारण तिच्याच आकाराच्या दोन आणा, ३० दिवस वेगळ्या ठेवा, मग आठवडाभर मध्ये जाळी लावून एकमेकींना बघू द्या. त्याआधी खुराड्यातली विष्ठा खरवडून काढा. घाणीवर ओतलेलं जंतुनाशक काम करत नाही.

लहान मुलांना "ती झोपली" असं सांगू नका, मुलं झोपायला घाबरतात. "ती मेली, आता परत येणार नाही" असं सरळ सांगा. तिचं एखादं पीस त्यांना जपून ठेवायचं असेल तर संसर्ग नव्हता याची आधी खात्री करा.