गोव्यात जुन्या हॉटेलात रूम घेताय? आधी हे बघा

मागच्या जुलैत पणजीत एक रात्र काढली, फोटोत मस्त बाल्कनी, मांडवीचा व्ह्यू वगैरे, आणि प्रत्यक्षात दार उघडलं तर ओल्या गोधडीचा वास, उशीवर पिवळे डाग, एसी चालू केला की बेडवर टपटप पाणी. बायको म्हणाली, अहो छत्री काढा.

तर पहिलं म्हणजे पैसे भरायच्या आधी रूम बघायला मागा, लाजू नका. आत गेलात की बॅग खाली ठेवायच्या आधी गादीच्या कोपऱ्यातली चादर उचलून शिवणीत बघा, काळे बारीक ठिपके दिसले तर ढेकूण समजा आणि सरळ खाली उतरा. मग गीझर लावा, फ्लश ओढा, नळ पूर्ण सोडा, दाराची आतली कडी नीट लागते का बघा. एसी दहा मिनिटं चालवाच, खाऱ्या हवेनं इकडे सगळं लवकर गंजतं आणि पावसाळ्यात भिंतीला बुरशी धरते, कपाट उघडलं की लगेच कळतं.

ऑनलाइन रिव्ह्यू वाचताना जून ते सप्टेंबरमधले वाचा, डिसेंबरवाले सगळे खूशच असतात.

काही बिघडलेलं दिसलं तर तिथल्या तिथे व्हिडिओ काढा, रिसेप्शनला दाखवून रूम बदलून मागा. आम्ही रात्री साडेअकराला मागितली, तेव्हा काउंटरवरचा पोरगा झोपला होता, उठून त्याने आम्हाला एक बादली दिली.